राहिलेली खळ

शनिवार, ३१ जानेवारी

आज माझ्या वर्गातली मुलं खुर्च्या सोडून पुढे धावली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडलं, आणि धावली ती माझ्याकडे नाही, धाकटीकडे.

दोष माझाच. धाकटी बहीण आठवड्यापूर्वी दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे आली, "थोडे दिवस राहते गं ताई" म्हणाली, आणि तेव्हापासून नुसती खिडकीत बसून असते. परवा जेवताना मीच फुशारकीने म्हणून गेले, "शनिवारी वाचनालयात ये. माझी मुलं बघ. तुझं ते कागद करणं दाखव त्यांना पाच मिनिटं." स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

मी नेहमीप्रमाणे पुस्तकांचा इतिहास सांगत होते. मातीच्या ओल्या विटांवर माणसं टोकदार काडीने अक्षरं कशी दाबायची, ते. चित्रं दाखवली. चित्रं मी स्वतः जाड पुठ्ठ्यावर डकवलेली आहेत, कडा अजून सरळ आहेत. आमची प्रश्नपेटी (एक काडीसारखी मुलगी, हे नाव मीच ठेवलंय) मला दर शनिवारी एकच प्रश्न विचारते, "बाई, अजून किती वेळ?" आजही विचारला. मग धाकटीने टबात पांढरा लगदा ओतला, जाळी ठोकलेली लाकडी चौकट त्यात बुडवली, हलवली, वर काढली. पाणी गळून गेलं आणि जाळीवर कागद उरला. मुलं अशी गप्प झाली की पंख्याची कुरकुर ऐकू आली.

त्याच वेळी ग्रंथपाल साहेब दारात. ते आत आले, बाह्या वर केल्या, चौकट बुडवली, पँट भिजवून घेतली आणि हसले. माझ्या वर्गात साहेब आजवर एकदाच आले होते, तो पंखा दुरुस्त झाला का ते बघायला.

सोमवार, २ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. धाकटीने महिनाभर यावं, अर्धा तास माझा, अर्धा तिचा. शेवटच्या शनिवारी पालकांना बोलावून कार्यक्रम करायचा. प्रत्येक मुलाने स्वतः केलेल्या कागदावर टाक आणि शाईने एक ओळ लिहायची, मग मी ती पानं शिवून एक पुस्तक बांधायचं. "आणि मग बघू," साहेब म्हणाले, "पुढच्या सत्रापासून वर्ग कुणी घ्यायचा ते. तास एकच आहे, खोलीही एकच."

साहेबांचं 'बघू' म्हणजे ठरलेलं असतं. ह्यांना सांगितलं, तर पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "छान झालं की. दोघी बहिणी एकत्र." माझा शनिवार निघाला आहे हातातून, आणि ह्यांना छान वाटतंय.

शनिवार, ७ फेब्रुवारी

तिने शिंप्याकडून सुती कातरणं आणली आहेत. ती सोडा घालून उकडली, धुतली आणि मुलांच्या हातात धोपाटणी दिली. पोरांनी अर्धा तास चिंध्या बडवल्या. खालच्या वाचनकक्षातले म्हातारे वर येऊन तक्रार करून गेले. मी त्यांची समजूत काढली, अर्थात मीच. धाकटीला फक्त कौतुक घ्यायचं असतं.

माझ्या अर्ध्या तासात मी झाडांच्या पानांवरची पुस्तकं सांगितली. ती दोरीत कशी ओवायची, वाळवी कशी लागायची. वाळवी ऐकून दोन मुलं हसली, बाकीच्यांचे डोळे टबाकडे.

मला मुलं 'बाई' म्हणतात. तिला दुसऱ्याच आठवड्यात 'कागदमावशी'.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज भाजी निवडताना धाकटी म्हणाली, "ताई, पुढच्या आठवड्यात एक पातेलंभर खळ करशील ना? तुझ्यासारखी मला नाही जमत."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ही वर्गात टाळ्या घेणार, आणि मी कार्यक्रमाचे भिंतीवरचे तक्ते चिकटवायला हिच्यासाठी खळ ढवळत बसणार. "बाजारात तयार डबा मिळतो," मी म्हणाले.

"डब्यातली नाही चालत गं त्याला."

"मग बिनखळीचं चालवून घे."

हे म्हणाले, "अगं, ती कौतुकाने म्हणतेय." मी म्हणाले, तुम्हाला त्यातलं काय कळतं.

खरं म्हणजे आमच्या घरात खळ माझीच होती. बाबा बाइंडर. पुठ्ठे, दोरे, दाभण, सगळं त्यांचं, पण पिठाची खळ शिजवायला मी. गुठळी होऊ न देता ढवळायची, चिमूटभर तुरटी घालायची, बोटाला लावून बघायची. मी स्टोव्हपाशी घामाघूम, आणि धाकटी बाबांच्या खांद्यावर बसून दुकानभर मिरवायची. तिची छाती नाजूक म्हणून तिला धुराजवळ जाऊ द्यायचे नाहीत. नाजूक असण्याचे फायदे असतात.

बाबांनी कागदाची परीक्षा मात्र दोघींना शिकवली. कोपऱ्याला जिभेचं टोक लावायचं. कागदाने जीभ ओढून धरली तर तो कच्चा, त्याला खळ पाजलेली नाही, शाई पसरणार. जीभ सरकली तर पक्का. मग आम्ही घरातलं काही सोडलं नाही. कॅलेंडर, प्रगतिपुस्तक, शेजाऱ्यांची लग्नपत्रिका. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "माझ्या पोरी पुस्तक वाचायच्या आधी चाटतात."

शनिवार, १४ फेब्रुवारी

वरच्या साठवणीच्या खोलीत दोऱ्या बांधून कागद वाळत घातले आहेत. सगळं वाचनालय बघून आलं. शिपाई तर दोनदा. धाकटीने मला तीनतीनदा म्हटलं, "ताई, वर ये ना, बघ तरी." मी म्हणाले, मला कामं आहेत. कामं होती, परत आलेली पुस्तकं लावायची होती.

प्रश्नपेटी वर्ग सुटल्यावर माझ्या टेबलाशी आली. "बाई, तुम्ही वर कधी येणार?"

"मला बोलावलं की येईन," मी म्हणाले. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी आहे.

धाकटीच्या बोटात अंगठी दिसत नाही. लगद्यात हात घालायचे म्हणून काढून ठेवत असेल. जेवतेही चिमणीएवढं. तरुण दिसायची हौस, दुसरं काय.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

जिन्यात फोनवर बोलत होती. मी भाजी घेऊन वर येत होते, ती मला पाठमोरी. "नाही, मी परत येत नाही आता... ताईकडे आहे... हो, तिनेच ठेवून घेतलंय." मग नुसती कठड्याचा रंग नखाने खरवडत होती.

मी कधी ठेवून घेतलं? स्वतःच मुक्काम वाढवायचा आणि वर माझं नाव सांगायचं. नवऱ्याला वाट बघायला लावायची आणि इथे मावशी म्हणून मिरवायचं. आता वर्गही हिचा आणि आमची मधली खोलीही हिची. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "तिला विचार तरी, काय झालंय." काय व्हायचंय? भाव वधारलाय तिचा.

बुधवार, २५ फेब्रुवारी

धाकटी शिंप्याकडे गेली होती, साहेब बैठकीत. मी वर गेले. गेले कारण खिडकी उघडी राहिली होती असं मला वाटलं. खिडकी बंद होती.

खोटं कशाला लिहू, कागद सुंदर आहेत. कुठे निळा धागा, कुठे लाल ठिपका, शिंप्याच्या कातरणांतला रंग उतरलेला. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मुलाचं नाव. मुलांचं काम म्हणून कडा वेड्यावाकड्या, पण हातात घेतल्यावर सोडवेना. माझ्या एवढ्या वर्षांच्या चित्रांतलं एकही कुणाला असं हातात धरून ठेवावंसं वाटलं नाही. माझा जीव इतका जळला की मी खाली स्टुलावर बसले.

मग सवयीने एका कागदाच्या कोपऱ्याला जीभ लावली. प्रश्नपेटीचा कागद होता तो. त्याने जीभ अशी ओढली की सोडवावी लागली.

कच्चा. दुसरा बघितला, तिसरा बघितला, सगळे कच्चे. खळ लावलेलीच नाही. शनिवारी मुलं टाक टेकवतील आणि अक्षराचा डाग होईल. एवढं शिकली, हातकागदाच्या मोठमोठ्या कारखान्यांत राहिली, आणि नेमकं हेच विसरली.

मी काही केलेलं नाही. कागद तिचे आहेत. मी जशी गेले तशी खाली आले.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

आज धाकटी आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. भांडी घासताना गुणगुणत होती. मला म्हणाली, "ताई, आता मला काळजी नाही."

"कसली?" मी विचारलं.

ती नुसती हसली. "वेळेत होईल ना सगळं? वाळायला एक दिवस तरी लागेल."

"व्हायचं ते होईल," मी म्हणाले. कार्यक्रमाच्या तक्त्यांचं विचारत असेल. ते माझे तयार आहेत, रंगही वाळलाय.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आज ती वाचनालयाकडे फिरकलीच नाही. सकाळी म्हणाली, "आज वर तुझं राज्य. मी मध्ये लुडबुडत नाही." टोमणा होता की काय, कळलं नाही.

सांगावं का? दुपारपर्यंत सांगितलं तर अजून वेळ होता. पीठ घरात होतं, तुरटी घरात होती. मी दोनदा फोन उचलला. पण मग आठवलं, ती चौकट उचलते तेव्हा मुलांचे चेहरे कसे होतात. आणि साहेबांची भिजलेली पँट. एकदा, फक्त एकदा, तिचं काहीतरी चुकू दे. मग मी तिला जवळ घेईन, समजूत काढीन, हवं ते करीन. मूग गिळून बसले.

शनिवार, २८ फेब्रुवारी

सगळं मला वाटलं होतं तसंच झालं.

खोली पालकांनी भरली होती. शिपायाने वरचे कागद आणून टेबलांवर वाटून ठेवले होते. धाकटी मागच्या रांगेत ह्यांच्या शेजारी बसली, पुढे आलीच नाही. "लिहायला तू बसव मुलांना," म्हणाली. मी सांगितलं, टाक शाईत बुडवा, निथळू द्या, लिहा.

आधी कुणाला कळलं नाही. मग एक मुलगा म्हणाला, "माझं पुसट झालं." पुसट नव्हतं, पसरत होतं. 'क'चा गोल भरला, काना फुगला, ओळ खालच्या ओळीत उतरली. दुसरीकडून रडण्याचा आवाज. कुणाचा तरी बाप हसला आणि म्हणाला, "साधे वहीचे कागद द्या ना." प्रश्नपेटीने 'हा कागद मी केला' असं लिहिलं होतं. ती रडली नाही. बाहीने टिपत राहिली, बाही निळी झाली, मग उरलेल्या जागेत तेच पुन्हा लिहायला लागली. तेही पसरलं.

मी मागे बघितलं. धाकटी कागदांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. घरात दिवा लागला नाही की माणूस बटणाकडे बघतो ना, तसं. मग ती उठून पुढे आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माफ करा, चूक माझी. कागदाला खळ लावायची माझ्याकडून राहिली."

पुढचं मी निभावून नेलं. छापील कागद वाटले, तक्ते लावले, मातीच्या विटांपासून छापखान्यापर्यंत सगळं सांगितलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब निघताना म्हणाले, "वर्ग तुम्हीच सांभाळा. अनुभव तो अनुभव. ते लगद्याचं प्रकरण नको आता." म्हणजे शनिवार माझा. मला हवं होतं ते मिळालं.

दारात प्रश्नपेटी उभी होती, आई शेजारी. "बाई, तुम्ही का नाही आलात?"

"कुठे?"

"वर. कागदमावशी म्हणाल्या होत्या, कागदाला शेवटचा हात बाईंचा असतो. बाईंची खळ लागल्याशिवाय तो कागदच नाही. आम्ही तुमच्यासाठी पातेलं पण घासून ठेवलं होतं."

सगळे गेल्यावर वर गेले. कोपऱ्यात मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं, लखलखीत, आणि त्यावर नवा लाकडी पळा. पळ्याच्या दांड्याला मुलांनी निळा धागा बांधला होता.

रविवार, १ मार्च

सकाळी उठले तर धाकटी पिशव्या भरत होती. मैत्रिणीकडे जाते म्हणाली. कुठली मैत्रीण ते सांगितलं नाही.

मी दारात उभी राहिले. विचारलं, "तू ती खळ कागदासाठी मागत होतीस?"

"मग कशासाठी?"

"मला वाटलं, तक्ते चिकटवायला."

ती थांबली. हातातली साडी घडी न घालताच खाली ठेवली. "मला वाटलं तुला कळलंय. खळ म्हटल्यावर आपल्या घरात दुसरं काय. आणि तू नाही म्हणालीस तेव्हा मी स्वतः करायलाच घेणार होते. बुधवारी संध्याकाळी पीठ घेऊन वर गेले होते."

"मग?"

"एका कागदाच्या कोपऱ्यावर डाग होता. गोल, आक्रसलेला. तुझी जीभ लागली होती." ती हसली, पण डोळे भरले. "किती वर्षांनी बघितलं ते. म्हटलं, ताई येऊन गेली. ताईने बघितलं, आता ताई करेल. मग मी कशाला मध्ये येऊ? पीठ परत घेऊन आले. त्या दिवसापासून निर्धास्त झोपले बघ मी."

खाटेवर बसले. विचारलं, "साहेबांना का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर स्वतःवर का घेतलंस?"

"काय सांगू? माझी ताई बघून गप्प बसली, असं?" तिने नाक पुसलं. "घर सुटलंय माझं. अंगठी देऊन आले त्याची त्याला. तुझ्याशिवाय मला कोण आहे सांगायला? आणि तुलाही तोडलं तर मी जायचं कुठे?"

हे दारात चहाचे कप घेऊन उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. कप ठेवले, पिशव्या उचलल्या आणि माळ्यावर टाकल्या. एवढ्या वर्षांत ह्या माणसाने न सांगता केलेलं हे पहिलं काम.

मंगळवार, ३ मार्च

साहेबांना सांगितलं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, एवढं. ते आधी समजले की मी बहिणीला पाठीशी घालते आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना पटलं. चष्मा पुसत राहिले. मी म्हणाले, "तास एकच राहू दे. दोघी घेऊ. नाहीतर तिलाच द्या." म्हणाले, बघू. ह्या वेळी खरंच बघणार असावेत, कारण खाली बघून म्हणाले.

शनिवार, ७ मार्च

आज पातेलं चढवलं. पीठ, पाणी, चिमूटभर तुरटी. ढवळताना मुलांना सांगितलं, पूर्वीच्या प्रत्येक पुस्तकामागे असं कुणीतरी घामाघूम उभं असायचं, आणि त्याचं नाव कुठल्याच पानावर नसतं. आज कुणी "अजून किती वेळ" विचारलं नाही. तरी खोटं लिहीत नाही. खळ झाल्यावर कागद बुडवायची वेळ आली तेव्हा मुलं परत धाकटीभोवतीच गोळा झाली आणि मला परत टोचलं. हे बहुतेक असंच राहणार.

प्रश्नपेटीने नवा कागद घ्यायला नकार दिला. शाई पसरलेला तो जुनाच घेऊन आली. खळीत बुडवून वर काढला, आणि कोपऱ्यात बोट ठेवून विचारलं, "बाई, हा डाग कशाचा?"

जीभ लावलेली जागा वाळून आक्रसली होती, कडेने पिवळसर. खळीनेही तो डाग गेला नव्हता. मी धाकटीकडे बघितलं. तिने पाठ फिरवली आणि टब ढवळायला लागली.

"माझ्या जिभेचा," मी म्हणाले. "कागद कच्चा आहे हे मला आधीच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"कागदमावशीचा हेवा वाटत होता म्हणून."

तिने थोडा विचार केला. "मला पण वाटतो," म्हणाली. "जी मुलं तिच्या शेजारी उभी राहतात त्यांचा." आणि कागद दोरीवर टाकायला निघून गेली.

सोमवार, ९ मार्च

आज आम्ही दोघीच वर होतो. शनिवारी खळ लावलेले कागद एव्हाना वाळले होते. धाकटीने एक उतरवला, माझ्यासमोर धरला. मी म्हणाले, तू बघ. तिने जीभ लावली, डोळे मिटले, लहानपणी मिटायची तसे.

"सरकली," ती म्हणाली, आणि दुसरा कोपरा माझ्यापुढे केला.